तिसरी गोणी

फार पूर्वी पद्मखेट नगरात महासाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगराच्या पायथ्याच्या शिलाघट्ट गावी एका गोवैद्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव सोमिल ठेवले होते. वडिलांकडून ते गुरांचे वैद्यक शिकले आणि वडील वारल्यावर तेच काम त्यांनी पुढे चालवले.

समुद्राकाठच्या मिठागरांतले मीठ त्या काळी बैलांच्या पाठीवरून घाटावरच्या देशात जाई. घाट चढण्याआधी बैलांचे तांडे शिलाघट्टात थांबत. प्रत्येक बैलाच्या पाठीवर जाड गादी घालायची आणि दोन बाजूंना एकेक गोणी लोंबती बांधायची, अशी जुनी रीत होती. बोधिसत्त्वांच्या अंगणात रोज दहा-वीस बैल उभे असत. कोणाच्या खुरात खडा रुतलेला असे, कोणाचा खांदा काट्याने ओरबाडलेला असे. ते कडुलिंबाच्या काढ्याने जखम धूत, करंजाचे तेल लावत आणि तांडेवाल्याला म्हणत, "आजचा दिवस याला राहू दे." तांडेवाले बहुधा ऐकत. बोधिसत्त्वांची पत्नी मेखला तोवर बैलाच्या कानामागे खाजवत उभी राही. तिचा हात लागला की मारका बैलही मान खाली घालतो, असे गावात म्हणत.

एका वर्षी पुराने मिठागरे धुऊन नेली. घाटावरच्या प्रांतात मीठ पोचले नाही. माणसे अळणी पेज खाऊन राहिली आणि गुरे खारट मातीसाठी भिंती चाटू लागली. राज्याच्या मिठाचा कारभार पाहणारा अमात्य भानुमित्र ते पाहून फार कष्टी झाला. पुन्हा असे होऊ नये म्हणून त्याने आज्ञा लिहिली आणि राजाने तिच्यावर मुद्रा उमटवली. यापुढे प्रत्येक बैलावर दोनऐवजी तीन गोण्या लादायच्या. जो तांडा कमी मीठ आणील, किंवा सूर्यास्तापूर्वी घाटमाथ्याच्या वेशीत पोचणार नाही, त्याच्या नायकाला वेशीतच फटके मारायचे.

तिसरी गोणी ठेवायला बैलाच्या अंगावर जागाच नव्हती. ती मधोमध, कण्यावर टाकावी लागे. तिच्या भाराने गादी सरके आणि कातडे सोलवटून निघे. मग घामाने गोणी भिजे आणि मिठाचे पाणी त्या उघड्या जखमेत उतरे.

बोधिसत्त्वांच्या अंगणात आता दहा-वीस नव्हे, शंभर शंभर बैल येऊ लागले. ते जखमा धूत, लेप लावत. पंधरा दिवसांनी तोच बैल परत येई, तीच जखम अधिक खोल होऊन. "याला आठ दिवस तरी राहू दे," असे म्हटले की तांडेवाला हात जोडी. "वैद्यराज, आठ दिवस राहिलो तर पाठ माझी सोलतील." आणि बैल पुन्हा घाटाला लागे.

तांडेवाल्यांत पिंगल नावाचा एक नायक होता. त्याचे बारा बैल होते. सर्वांत पुढे चालणारा कवड्या हा पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला बैल त्याचा विशेष लाडका. कवड्या चार दिवसांचा असताना त्याची आई मेली होती, तेव्हा पिंगलाने आपली बोटे दुधात बुडवून त्याला चोखवली होती. अजूनही विसाव्याला थांबले की तो एवढा थोरला बैल येऊन पिंगलाचा हात चाटत असे, आणि बाकीचे तांडेवाले हसत असत.

चैत्रात एके दिवशी बोधिसत्त्व औषधी मुळ्या आणायला घाट चढत होते. तिसऱ्या वळणावर त्यांना पिंगलाचा तांडा थांबलेला दिसला. कवड्या वाटेच्या मधोमध पडला होता. पिंगल त्याच्या डोक्याशी बसला होता. शेजारी त्याची काठी पडली होती.

बोधिसत्त्वांनी बैलाच्या छातीला कान लावला आणि ते उठून बसले.

"ऊन लागलं त्याला," पिंगल म्हणाला. "सकाळपासून पाणी नव्हतं. ऊनच लागलं."

बोधिसत्त्वांनी पाहिले, बैलाच्या कुशीवर काठीचे वळ उठले होते, ताजे. त्यांनी कवड्याचे उघडे डोळे तळव्याने मिटवले आणि गोण्यांचे दोर सोडले. गादी काढताना तिच्याबरोबर कातडे आले.

मागून दुसऱ्या तांड्याचे लोक ओरडू लागले, "वाट सोडा! दिवस कलतोय!" पिंगल उठला. कवड्याच्या तीन गोण्या त्याने उरलेल्या बैलांवर वाटून बांधल्या. एकदाही मागे न पाहता तो तांडा घेऊन वर गेला. बोधिसत्त्वांनी वाटेने जाणाऱ्या दोघा लाकूडतोड्यांना बोलावून कवड्याला कडेला नेले आणि त्याच्यावर दगडमाती घातली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी जेवण घेतले नाही. मेखलेने विचारले तेव्हा ते म्हणाले, "वीस वर्षं मी लेप लावतोय. जखम बैलाच्या पाठीवर दिसते म्हणून तिथे लावतोय. पण ती होते राजाच्या आज्ञेत. तिथवर माझा हात पोचत नाही."

"मग पोचेल तिथवर चालत जा," मेखला म्हणाली.

"मी गेलो तर या बैलांना कोण पाहील?"

"मी पाहीन. तुम्ही काढा करता तेव्हा इतकी वर्षं मी काय डोळे मिटून उभी होते?"

बोधिसत्त्वांना त्या दिवसात प्रथमच हसू आले. दुसऱ्या दिवशी ते निघाले.

ते राजधानीला मात्र लगेच गेले नाहीत. त्यांनी विचार केला, 'मी एकटा गेलो तर राजा म्हणेल, हे एका गावाचे गाऱ्हाणे आहे. आणि खरेच, मी एकाच घाटाचे पाहिले आहे. राज्यात इतरत्र काय चालले आहे, ते मला कुठे ठाऊक आहे?' म्हणून ते मिठाच्या वाटेने पेठेपेठेतून हिंडू लागले. जिथे जात तिथे आधी गुरांवर उपचार करत आणि मग विचारत, "इथे असं कोणी आहे का, ज्याला हे पाहवत नाही?"

असा माणूस प्रत्येक पेठेत एकतरी निघे. नदी ओलांडायच्या उतारावर शोणा नावाची नावाडीण होती. तहानेने वेडे झालेले बैल ओझ्यासकट पाण्यात उड्या घेतात आणि गोण्या भिजून जड झाल्या की बुडतात, हे ती रोज पाहत होती. तिने कितीतरी बैलांचे दोर कोयतीने तोडून त्यांना वाचवले होते आणि त्यापायी तांडेवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुढच्या एका पेठेत एक कुंभार होता, तो लंगड्या गाढवांना मडकी भाजायच्या आव्यामागे सांभाळी. उत्तरेच्या रानात एक म्हातारा माहूत होता. त्याची हत्तीण सागाचे ओंडके ओढी आणि साखळदंडाने तिचा पाय चिघळला होता. या माणसांना एकमेकांची माहिती नव्हती. प्रत्येकाला वाटत होते की हे दुःख आपल्या एकट्यालाच होते, आणि बहुतेकांना त्यांचे शेजारी थोडे खुळे समजत.

जवळजवळ दोन वर्षे बोधिसत्त्व चालत राहिले. अठरा पेठांतल्या माणसांचा एक गोफ विणला गेला. निरोप नेण्याचे काम येणारे-जाणारे वाटसरू करत. दुसऱ्या वर्षाच्या मार्गशीर्षात ही सारी मंडळी शोणेच्या उताराजवळ एका उंबराखाली प्रथमच एकत्र बसली.

आणि बसल्या बसल्याच त्यांचे भांडण झाले.

कुंभार म्हणाला, "बैलाची काळजी करणारे पुष्कळ आहेत. गाढवाला कोणी विचारत नाही. आधी गाढवांचं बोला."

एक धनगर म्हणाला, "यज्ञात मेंढरं जातात ती काय दगडाची असतात?"

मग म्हातारा माहूत म्हणाला, "माझी चंपा अठ्ठेचाळीस वर्षांची झाली. तिला रांगेत उभं करू नका. तिच्याकडे तितके दिवस नाहीत."

शोणा उठून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

बोधिसत्त्व म्हणाले, "बाबा, राजाच्या हातात आपण अठरा मागण्या दिल्या तर तो सर्वांत सोपी असेल ती देईल आणि उरलेल्या विसरेल. एकच मागितली तर तिच्यापासून त्याला तोंड फिरवता येणार नाही. तिसऱ्या गोणीखाली आज सर्वांत जास्त जीव मरत आहेत. ती उतरली की राजाला एकदा ऐकायची सवय लागेल. पण हे मी तुमच्यावर लादणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आपण पुन्हा विचार करू."

माहुताने पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. "तुम्ही सगळे माझ्यासाठी परत याल?" त्याने विचारले.

"येऊ," शोणा म्हणाली. ती वळली नव्हती, पण तिचा आवाज सर्वांना ऐकू आला. "नाव माझी, उतार माझा. जो येणार नाही त्याला मी जन्मात पलीकडे नेणार नाही."

तेव्हा म्हातारा हसला आणि म्हणाला, "मग बैलांचं आधी."

तिथेच त्यांनी ठरवले, की राजापुढे प्रत्येकाने फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगायचे. आणि बोधिसत्त्वांनी एक गोष्ट सर्वांकडून मागून घेतली. कोणत्याही तांडेवाल्याचे नाव घ्यायचे नाही.

"का?" धनगराने विचारले. "काठ्या तर तेच मारतात."

"ज्याच्या पाठीवर फटक्याची भीती आहे त्याच्या हातात काठी येते," बोधिसत्त्व म्हणाले. "आपण ओझं उतरवायला निघालो आहोत. ते बैलावरून काढून माणसावर टाकायचं असेल तर मी घरी जातो."

ही बातमी वाऱ्यासारखी मिठाच्या वाटेवर पसरली. तांडेवाले घाबरले. एके दिवशी पिंगलाने बोधिसत्त्वांना वाटेत अडवले. तो वाळला होता आणि त्याच्या तांड्यात आता आठच बैल उरले होते.

"तुम्ही दरबारात जाणार, असं ऐकतो," तो म्हणाला. "तिथे आमची नावं सांगणार."

"तुझं नाव मी घेणार नाही, पिंगला."

"सगळे असंच म्हणतात. राजानं डोळे वटारले की जीभ आपोआप सुटते. तुम्ही त्या दिवशी सगळं पाहिलंत. मला ठाऊक आहे तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," बोधिसत्त्व म्हणाले. "तू त्याच्या डोक्याशी बसला होतास, तेही पाहिलं."

पिंगलाचा चेहरा वेडावाकडा झाला. तो रागाने काहीतरी बोलला आणि बैल हाकत निघून गेला.

अमात्य भानुमित्रालाही बातमी कळली. तो स्वतः शोणेच्या उतारावर आला. तो उद्धट माणूस नव्हता. पालखीतून उतरून तो उंबराखाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वैद्यराज, मी हौसेने तिसरी गोणी घातली नाही. मिठाविना भिंती चाटणारी गुरं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर दया करणारा कोणी तेव्हा माझ्याकडे आला नव्हता."

"तुमचं म्हणणं खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "त्या वर्षी मीही आलो नाही."

भानुमित्राला अशा उत्तराची अपेक्षा नव्हती. मग तो म्हणाला, "राजाच्या गोठ्याला मुख्य वैद्य हवा आहे. तीनशे बैल, वीस सेवक, तुमच्या पत्नीसह राहायला वाडा, औषधांची बाग. जन्मभर जनावरं बरी करा. ही यात्रा सोडा. तुम्हाला जनावरांचं भलंच करायचं आहे ना?"

"महाराजांच्या गोठ्यातले बैल आजारी आहेत का?"

"नाहीत. त्यांना लोण्यासारखं ठेवलं आहे."

"मग तिथे माझं काय काम?" बोधिसत्त्व म्हणाले. "अमात्य, माझं एक ऐका. मेलेला बैल एकही गोणी वाहत नाही. घाटात दोन ठिकाणी पाणी मिळालं आणि मधे एक मुक्काम झाला, तर दोन गोण्यांचे बैल जिवंत वर पोचतील. तुमचं मीठही पोचेल. हे मी तुमच्याविरुद्ध सांगत नाही. तुम्हीच हे राजाला सांगा, आम्ही सारे तुमच्या मागे उभे राहू."

भानुमित्राला ते पटले. पण जी आज्ञा आपण लिहिली ती चुकली, असे दरबारात म्हणायला मोठे धैर्य लागते. ते त्याच्याजवळ त्या दिवशी नव्हते. तो उठला आणि निघून गेला.

माघ महिन्यात राजा प्रजेची गाऱ्हाणी ऐकत असे. त्या माघात एके दिवशी अठरा पेठांची माणसे दरबारात उभी राहिली. भानुमित्रही तयारीने आला होता. बैल सुखात आहेत असे सांगायला त्याने सहा तांडेनायक आणले होते. पिंगल त्यांतला एक होता.

शोणा प्रथम बोलली. दरबारात बोलायची तिला सवय नव्हती. नावेतून बोलावे तशी ती मोठ्याने बोलू लागली आणि काही सरदार हसले. बुडणारा बैल शेवटी नाकपुड्या कशा वर धरतो ते तिने सांगितले, तेव्हा हसणे थांबले. मग कुंभार बोलला, मग माहूत, मग एकेक करून बाकीचे. कोणी रडले नाही, कोणी कोणाला दोष दिला नाही. शेवटी बोधिसत्त्वांनी मागणे मांडले. दोन गोण्या, घाटात पाणी, मधे एक मुक्काम, आणि पडलेल्या बैलाला वाटेत टाकून न जाता वैद्याकडे पोचवण्याची मुभा.

महासाल राजा तरुण होता आणि त्याचे मन पटकन पेटत असे. तो आसनावरून पुढे झुकला. "माझ्या राज्यात असे अत्याचार! वैद्या, ज्यांनी बैल मारले त्यांची नावं सांग. आजच त्यांचे हात तोडतो. मग कोणी बैलावर काठी उगारणार नाही."

"महाराज, मी नावं सांगणार नाही."

"माहीत नाहीत?"

"काही माहीत आहेत."

"आणि राजा विचारत असताना तू लपवतोस?"

"महाराज, हात तोडलेला माणूस घरी गेला तरी तिसरी गोणी बैलाच्या पाठीवरच राहील. उद्या तिच्यामागे दुसरा माणूस चालेल. त्याच्याही हातात काठी असेल."

राजाचा चेहरा लाल झाला. "नाव नाही तर गुन्हाही नाही. असा एक माणूस दाखव, ज्यानं हे केलं. नाहीतर ही सारी कहाणी तुम्ही उंबराखाली बसून रचलीत असं मी समजेन, आणि राजापुढे खोटं बोलण्याची शिक्षा तुला मिळेल."

बोधिसत्त्व हात जोडून उभे राहिले. त्यांच्या मनात राजाविषयी राग नव्हता आणि स्वतःविषयी भीतीही नव्हती. इतकेच वाटत होते, की आपण फार जवळ आलो होतो.

भानुमित्राने तांडेनायकांकडे पाहिले. "महाराज, तांडेवाले इथे आहेत. त्यांनाच विचारावं." आणि त्याने सर्वांत पुढे उभ्या असलेल्या पिंगलाला खूण केली. "सांग. बैल कसे आहेत?"

पिंगल पुढे आला. त्याला जे सांगायला शिकवले होते त्याचा पहिला शब्द त्याने उच्चारला आणि तो थांबला. त्याने बोधिसत्त्वांकडे पाहिले. ते त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याच्यावर आपल्या नजरेचाही भार पडू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली होती.

"महाराज," पिंगल म्हणाला, "तो माणूस मी आहे."

त्याने आपला उजवा हात पुढे धरला.

"माझा एक बैल होता. कवड्या. लहानपणी मी त्याला बोटांनी दूध पाजलं. दोन वर्षांमागे चैत्रात घाटाच्या तिसऱ्या वळणावर तो बसला. मी त्याला म्हटलं, ऊठ बाबा. तो उठला नाही. मागे तांडे खोळंबले होते. मागल्या खेपेला उशीर झाला म्हणून मला फटके बसले होते, ते अजून दुखत होते. मी काठी घेतली. त्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला, महाराज. गोणी मधे होती, त्याला मागचे पाय उचलताच येईनात. मी मारत राहिलो. मग त्यानं मान वळवून माझा हात चाटला. काठीचा हात. त्याला वाटलं असेल, मी उठवायला आलोय." पिंगल पुढे म्हणाला, "त्यानंतरही मी एकदा मारलं. हा हात तोडायचा असेल तर तोडा. या वैद्यराजांना सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव काढलं नाही."

राजा उभा राहिला. पण त्याने काही म्हणण्याआधी बोधिसत्त्व पिंगलाजवळ गेले आणि त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"महाराज, शिक्षा करायची तर मलाही करा," ते म्हणाले. "कवड्याच्या पाठीची जखम मी चार वेळा धुतली होती. चारही वेळा त्याला चालण्याजोगा करून मी परत घाटाला लावला. काठी यानं मारली. पण काठीपर्यंत बैल मी पोचवला."

राजा भानुमित्राकडे वळला. "ती आज्ञा कोणी लिहिली होती?"

"मी लिहिली, महाराज," भानुमित्र म्हणाला. तो फिकट पडला होता. "लोकांना मीठ मिळावं म्हणून लिहिली. नदीवर या वैद्यांनी मला चूक दाखवली. मी ती मान्य केली नाही. आणि मुद्रा…"

राजाने आपल्या बोटातल्या मुद्रेकडे पाहिले. मग तो सिंहासनाच्या पायऱ्या उतरून खाली आला. पिंगलासमोर येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "मुद्रा माझी होती. तुझा हात तोडायचा तर हे बोट आधी तोडावं लागेल."

पिंगल त्याच्या पायांवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला. दरबारातल्या पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले. शोणेने पदराने तोंड झाकून घेतले.

त्याच दिवशी नवी आज्ञा निघाली. तिसरी गोणी उतरली, घाटात मधे एक मुक्काम ठरला आणि वेशीतले फटके बंद झाले. पडलेल्या बैलाला वाटेत सोडू नये, त्याला सांभाळणाऱ्याला राज्यातून चारा मिळावा, असे ठरले. घाटाच्या दोन वळणांवर खडकात पाण्याची टाकी खोदायचे काम भानुमित्राने मागून घेतले आणि ते पुरे होईपर्यंत तो घाटातच राहिला. पहिल्या वर्षी मीठ थोडे कमी पोचले. महिनाभर राजवाड्यातही अळणी आमटी वाढली गेली आणि राजाने ती मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या वर्षापासून मीठ पुरेसे पोचू लागले, कारण बैल जगू लागले.

पिंगलाने तांडा सोडला. वरच्या टाक्यावर राहून तो चढून येणाऱ्या बैलांना पाणी पाजू लागला. कोणी विचारले तर तो आपली गोष्ट सांगे, आणि कोणाच्या हातात काठी दिसली तर रागावत नसे. "दमलास ना? ये, आधी तू पाणी पी," असे म्हणे.

उंबराखालची माणसे दरवर्षी जमत राहिली. दुसऱ्याच वर्षी सारी मिळून माहुतासाठी राजधानीला गेली. हत्तींच्या पायांतले साखळदंड काढायला चार वर्षे लागली. चंपा तोवर जगली नाही. म्हातारा तरीही अखेरच्या भेटीपर्यंत सर्वांबरोबर चालत गेला. गाढवांसाठी त्याहून अधिक काळ लागला. काही मागण्या त्यांच्या हयातीत पुऱ्या झाल्या नाहीत. त्या त्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांच्या हाती दिल्या. बोधिसत्त्व आयुष्यभर आपल्या अंगणात गुरांवर उपचार करत राहिले आणि आयुष्य संपल्यावर आपल्या कर्मानुसार परलोकी गेले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, भिक्खू संधान याच्यासाठी सांगितली. त्या दिवशी सकाळी भिक्षेला जाताना विहाराच्या फाटकाशी एक गाडीवान चिखलात रुतलेल्या बैलाला मारताना संधानाला दिसला होता. त्याने बैल सोडवला, पण त्याचबरोबर गाडीवानाला अशी बोलणी सुनावली, की तो माणूस चाकाला टेकून मटकन खाली बसला. संधान अजून संतापाने कापत शास्त्यांकडे आला आणि म्हणाला, "भंते, अशा माणसाविषयी मनात मैत्री आणणे मला शक्य नाही."

शास्त्यांनी ही पूर्वकथा सांगितली आणि मग ही गाथा म्हटली:

जखमेवरी लेप घालावा, ही दया पहिली खरी;
ओझेच उतरून घ्यावे, ही दया तिच्याही वरी;
ओझे लादणाऱ्या हातासही जी हाती आपल्या धरी,
ती मैत्री, भिक्खूंनो, जाणा. ती कोणा न परके करी.

मग त्यांनी त्या जन्मीच्या आणि या जन्मीच्या माणसांची ओळख पटवली. "त्या वेळचा महासाल राजा म्हणजे आज या विहाराला तेल आणि तांदूळ पुरवणारा उपासक. भानुमित्र हा भिक्खूसंघासाठी विहिरी खोदवणारा त्याचा भाऊ. शोणा नावाडीण ही भिक्खुणीसंघातली थोरली थेरी, जिचा आवाज तुम्हाला पलीकडच्या विहारातून इथवर ऐकू येतो. मेखला ही राहुलमाता, माझी गृहस्थाश्रमातली पत्नी. उंबराखालची मंडळी म्हणजे आज इथे बसलेला हा समुदाय, आणि गोवैद्य सोमिल तो मीच."

संधानाने खालच्या आवाजात विचारले, "आणि पिंगल, भंते?"

"पिंगल तू होतास, संधाना."

मग संधानाने विचारले, "कवड्याचे काय झाले?"

"कवड्या या जन्मी माणूस झाला आहे," शास्ते म्हणाले. "सकाळपासून तो फाटकाशी चाकाला टेकून बसला आहे. त्याच्या बैलाला पाणी मिळाले आहे. त्याला अजून कोणी विचारलेले नाही."

संधान उठला. त्याने पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि तो फाटकाकडे गेला.

या कथेत वर्णिलेला गुण आहे मैत्रीपारमी.